विश्लेषण : एकदाही न धावलेल्या घोड्याची पारख कशी करतात? त्यात कौशल्य किती आणि नशीब किती?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर हिवाळी मोसमात काही शर्यती अशा असतात, ज्यांच्या कार्डावर अनेक घोड्यांच्या नावापुढची जागा कोरी असते. आधीच्या धावा नाहीत, वेळ नाही, क्रमांक नाही. अंतर असते हजार किंवा बाराशे मीटर. तरीही गेट उघडण्याआधी त्यातला एक घोडा ‘फेव्हरिट’ ठरलेला असतो आणि दुसऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. हे कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर?

हा प्रश्न केवळ शौकिनांचा नाही. घोडेशर्यत हा नशिबाचा नव्हे, प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. या शर्यती आजही कायदेशीर आहेत, त्यामागे हाच आधार आहे. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ पासून शर्यतींवरील दावांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. आणि या साऱ्याच्या मध्यभागी आहे तो दोन-तीन वर्षांचा, हाडे अजून पुरती न भरलेला घोडा. कौशल्याचा दावा सर्वांत जास्त ताणला जातो तो याच नवख्या घोड्यांच्या शर्यतीत.

‘मेडन’ शर्यत म्हणजे काय?

अडथळे नसलेल्या, सपाट मैदानावरच्या शर्यतीला ‘फ्लॅट रेस’ म्हणतात. भारतातल्या नेहमीच्या शर्यती याच प्रकारच्या. त्यात ‘मेडन’ म्हणजे ज्याने अजून एकही शर्यत जिंकलेली नाही असा घोडा. अशा घोड्यांसाठी स्वतंत्र शर्यती ठेवल्या जातात. मात्र मेडन म्हणजे नवखाच असे नाही. सहा वेळा धावून सहाही वेळा हरलेला घोडा मेडन असतो आणि आज पहिल्यांदाच गेटमध्ये शिरणारा घोडाही मेडनच असतो. दोघे एकाच शर्यतीत उतरू शकतात.

गुंता इथूनच सुरू होतो. सहा वेळा हरलेल्या घोड्याबद्दल सगळ्यांना सगळे ठाऊक असते. त्याची मजल कुठवर, हे कळलेले असते. पहिल्यांदा धावणाऱ्याबद्दल मात्र त्याचा ट्रेनर, जॉकी, मालक आणि मोतद्दार सोडले तर बाकीच्यांकडे फक्त तर्क असतो. जपानने यावर एक साधा तोडगा काढला आहे. तिथे फक्त पहिल्यांदा धावणाऱ्या घोड्यांच्याच वेगळ्या शर्यती होतात. सगळेच नवखे, त्यामुळे अनुभवाचा गैरफायदा कोणालाच नाही.

वय सारखे, मग फरक कुठे?

शर्यतीच्या घोड्याचा अधिकृत वाढदिवस भारतात, ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत १ जानेवारीला असतो. शिंगरू जानेवारीत जन्मलेले असो की मे महिन्यात, पुढच्या १ जानेवारीला ते एक वर्षाचे धरले जाते. शाळेत एकाच वर्गात बसलेल्या दोन मुलांमध्ये अकरा महिन्यांचे अंतर असावे, तसाच हा प्रकार. सातवी-आठवीत हा फरक जाणवत नाही, बालवाडीत मात्र चांगलाच जाणवतो. दोन वर्षांचा घोडा म्हणजे बालवाडीतलेच मूल. त्या वयात चार महिन्यांचे अंतर म्हणजे उंचीत, छातीत आणि मांड्यांच्या भरण्यात डोळ्यांना दिसणारा फरक.

म्हणूनच जाणकार कार्डावर घोड्याचे वय पाहून थांबत नाहीत, जन्माचा महिनाही पाहतात. मे महिन्यातल्या शिंगराने डिसेंबरात जानेवारीतल्या शिंगराला मागून गाठले, तर हरूनही त्याची धाव मोठी ठरू शकते.

घोडा वयानुसार किती सुधारतो, याचा हिशेब मांडण्याचे श्रेय ब्रिटनमधील ॲडमिरल हेन्री रौस यांना दिले जाते. १८५५ मध्ये ते सार्वजनिक हँडिकॅपर झाले. कोणत्या महिन्यात, कोणत्या अंतराला, लहान घोड्याला मोठ्याच्या तुलनेत किती वजनाची सूट द्यायची याचा त्यांनी तक्ता केला. त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. त्यातले सूत्र सोपे आहे: अंतर जितके लांब आणि वर्षाचा महिना जितका सुरुवातीचा, तितकी लहान घोड्याला सूट जास्त. पण हा तक्ता सरासरीचा आहे. समोर उभा असलेला एकच एक घोडा सरासरीच्या पुढे आहे की मागे, हे तो सांगू शकत नाही.

भारतातले वेळापत्रक या बाबतीत घोड्याला थोडे झुकते माप देते. एप्सम डर्बी जून महिन्यात तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते. १९४३ पासून सुरू असलेली इंडियन डर्बी मात्र फेब्रुवारीत, चार वर्षांच्या घोड्यांसाठी होते. २४०० मीटरची ही परीक्षा द्यायला भारतीय घोड्याला जवळपास आठ महिने जास्त मिळतात. म्हणजे पहिल्या धावेत घाई करण्याचे कारण इथे आणखी कमी आहे.

शर्यतीआधी काय पाहतात?

पहिली गोष्ट वंशावळ. भारतातल्या थरोब्रेड घोड्यांची नोंद पुण्यात असलेल्या स्टड बुक ऑथॉरिटीकडे होते. नर कोणता, मादी कोणती, तिची आधीची शिंगरे किती अंतराला जिंकली, हे सगळे तपासता येते. लवकर तयार होणारी घराणी असतात आणि उशिरा उमलणारीही. हजार मीटरच्या मेडन शर्यतीत, ज्याची भावंडे दोन हजार मीटरला जिंकली त्या घोड्याला पहिल्याच दिवशी फार काही दाखवता आले नाही, तर त्यात नवल नाही.

याला विज्ञानाचीही जोड मिळाली आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मायोस्टॅटिन या जनुकाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. या जनुकाच्या एका प्रकारचे घोडे कमी अंतराला वेगवान असतात, दुसऱ्या प्रकारचे लांब अंतराला टिकतात आणि मिश्र प्रकारचे मधल्या अंतराला चांगले धावतात. पहिल्या प्रकारच्या घोड्यांचे स्नायू लवकर भरतात, त्यामुळे दोन वर्षांच्या वयात ते पुढे दिसतात. पण जनुक कल सांगते, लायकी नाही. शंभर घोड्यांचा जनुकप्रकार एकच असू शकतो, जिंकणारा त्यातला एखादाच असतो.

दुसरी गोष्ट सकाळचे ट्रॅकवर्क. उजाडताना घोडे सराव करतात तेव्हा घड्याळ लावून बसलेली माणसे असतात. सहाशे मीटर किती सेकंदांत, हजार मीटर किती सेकंदांत, धावताना घोडा सहज होता की रेटावा लागला, असे तपशील नोंदवले आणि छापले जातात. इथे नवशिक्या वाचकाची फसगत होते ती आकड्यावर डोळे ठेवल्याने. सहाशे मीटर ३८ सेकंदांत धावलेला घोडा ४० सेकंदवाल्यापेक्षा सरसच असेल असे नाही. पाठीवर वजनदार स्वार होता की हलका, घोडा रेलिंगला लागून धावला की बाहेरून, सोबत धावणारा घोडा अनुभवी होता की तोही कच्चाच, यावर आकड्याचा अर्थ बदलतो. अनुभवी आणि चांगल्या रेटिंगच्या घोड्यासोबत धावून नवखा घोडा लगाम खेचलेल्या अवस्थेतही मागे पडला नाही, तर ती नोंद दोन सेकंदांपेक्षा जास्त बोलकी असते.

तिसरी गोष्ट मॉक रेस, म्हणजे गेटमधून सोडून केलेली रंगीत तालीम. यात जिंकण्या-हरण्यापेक्षा घोडा गेटमध्ये शांत उभा राहिला का, दार उघडताच निघाला का, घोळक्यात बिचकला का, हे पाहायचे असते.

चौथी गोष्ट पॅडॉक. शर्यतीआधी घोडे गोल फिरवले जातात ती जागा. मांड्यांमध्ये फेस येईपर्यंत घामाघूम झालेला, मान उडवत आडवा चालणारा, मोतद्दाराला ओढत नेणारा घोडा आपली निम्मी ताकद तिथेच घालवत असतो. याउलट लांब पावले टाकत, आजूबाजूला कुतूहलाने पण न घाबरता पाहणारा घोडा सहसा डोक्याने तयार असतो. पहिल्याच धावेला डोळ्यांना झापडे लावून आणलेला घोडा असेल, तर त्याचे लक्ष विचलित होते हे ट्रेनरला आधीच कळलेले आहे, असा अर्थ निघतो.

महागडा घोडा म्हणजे चांगला घोडा का?

या प्रश्नाचे सर्वांत महाग उत्तर अमेरिकेत मिळाले. २००६ मध्ये फ्लोरिडातील लिलावाआधी ‘द ग्रीन मंकी’ हा दोन वर्षांचा घोडा सुमारे दोनशे मीटरचे अंतर ९.८ सेकंदांत धावला. त्या एका धावेवर त्याची बोली १ कोटी ६० लाख डॉलरवर गेली. पुढे तो तीन शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. १९८३ मध्ये १ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकला गेलेला ‘स्नाफी डान्सर’ तर शर्यतीत कधी उतरलाच नाही.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. अमेरिकेत महामंदीच्या काळात लोकांच्या गळ्यातला ताईत झालेला सीबिस्किट त्याच्या पहिल्या १७ शर्यतींत जिंकला नव्हता. दोन वर्षांचा असतानाच त्याला ३५ वेळा धावायला लावले गेले. त्या वर्षीच्या नोंदी पाहून पुढचा सीबिस्किट कोणालाही ओळखता आला नसता. आणि २०१८ चा ‘जस्टिफाय’ दोन वर्षांचा असताना एकदाही धावला नव्हता. फेब्रुवारीत पहिली धाव, मे महिन्यात केंटकी डर्बी आणि जूनमध्ये ट्रिपल क्राउन. दोन वर्षांच्या वयात न धावता केंटकी डर्बी जिंकणारा तो १८८२ नंतरचा पहिला घोडा.

ही उदाहरणे अपवाद आहेत, नियम नव्हेत, हे खरेच. सर्वसाधारणपणे चांगल्या वंशाचे, चांगल्या तबेल्यातले घोडे जास्त जिंकतात. पण दोनशे मीटरचा वेग ही एकच गोष्ट मोजून घोडा ओळखता येत नाही, एवढे त्यातून नक्की कळते. वेग मोजता येतो. शिकण्याची तयारी, धडकी न भरणे, दमल्यावरही पाय टाकत राहणे हे घड्याळात मावत नाही.

पहिल्या धावेत नेमके काय पाहायचे?

निकालपत्रात क्रमांक, वेळ आणि अंतर छापलेले असते. नवख्या घोड्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी सर्वांत कमी महत्त्वाच्या असतात. कारण हरण्याची कारणे बहुतेक वेळा पायांत नसतात, अजाणतेपणात असतात.

शर्यतीतला घोडा सेकंदाला सुमारे सोळा-सतरा मीटर पळतो. घोड्याची एक लांबी, म्हणजे ‘लेंग्थ’, साधारण अडीच मीटर. म्हणजे गेटमधून निघताना अर्धा सेकंद दचकला, की घोडा तीन लेंग्थ मागे गेलाच. हजार मीटरच्या शर्यतीत ते भरून काढायला जागाच नसते. अशा घोड्याने चार लेंग्थने चौथा क्रमांक मिळवला तर निकालात तो ‘हरलेला’ दिसतो. व्हिडिओत मात्र तो कदाचित सर्वांत चांगला धावलेला असतो.

दुसरी खूण धावेतला कच्चेपणा. नवखा घोडा सरळ रेषेत पळत नाही, हेलकावतो. प्रेक्षकांच्या आवाजाने कान टवकारतो. पुढच्या घोड्याच्या टापांनी उडालेली माती तोंडावर आली की डोके वर करतो. वळणावर पाय बदलायला विसरतो. ही सगळी दुरुस्त होणारी दुखणी आहेत. कित्येक घोडे दुसऱ्या धावेत लक्षणीय सुधारतात ते यामुळेच. पायात नवे बळ आलेले नसते, काय करायचे असते हे समजलेले असते.

तिसरी खूण शेवटचे दोनशे मीटर. पुढे राहून दमत गेलेला दुसरा आणि मागून वेग वाढवत आलेला पाचवा, यांत पुढच्या शर्यतीसाठी पाचवा अनेकदा मोलाचा ठरतो. मात्र इथेही सावधगिरी हवी. पुढचे घोडे थकून मंदावले की मागचा आपोआप वेगवान भासतो. म्हणून प्रत्येक टप्प्याची वेगळी वेळ लागते, नुसती एकूण वेळ पुरत नाही.

चौथी खूण विजयरेषेनंतरची. रेषा ओलांडल्यावर जॉकी घोडा सैल सोडतो. त्या वेळी जो घोडा इतरांना ओलांडून सहज पुढे निघून जातो, त्याच्यात शिल्लक होती. कॅमेरा तोवर बहुधा विजेत्याकडे वळलेला असतो.

फ्रँकेलच्या पहिल्या धावेने काय शिकवले?

१३ ऑगस्ट २०१०, न्यूमार्केट. पावसाने मऊ झालेले मैदान, एक मैलाची मेडन शर्यत. फ्रँकेल नावाचा दोन वर्षांचा घोडा पहिल्यांदा धावला आणि अर्ध्या लेंग्थने जिंकला. अर्धी लेंग्थ म्हणजे सव्वा मीटर, सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. कागदावर पाहिले तर जेमतेम विजय. त्या दिवशी पहिल्यांदा दुसरा आलेला घोडाही तसाच नवखा होता. त्याचे नाव नॅथनिएल.

पुढे फ्रँकेल चौदापैकी चौदा शर्यती जिंकला आणि टाइमफॉर्म या नामांकित मूल्यमापन संस्थेने त्याला १४७ हे त्यांच्या इतिहासातले सर्वोच्च रेटिंग दिले. नॅथनिएलने २०११ मध्ये किंग जॉर्ज आणि २०१२ मध्ये एक्लिप्स या ब्रिटनच्या अव्वल शर्यती जिंकल्या. म्हणजे ऑगस्टच्या त्या संध्याकाळी जे जेमतेम भासले, ते खरे तर दोन असामान्य घोड्यांमधले अंतर होते.

यातून निघणारा धडा असा: नवख्या घोड्याने किती अंतराने जिंकले याला अर्थ नाही, कोणाला हरवले याला आहे. आणि हरलेले घोडे काय दर्जाचे होते, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. त्या शर्यतीतले घोडे पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत काय करतात, त्यावर त्या धावेची किंमत ठरते. पहिल्या धावेचा निकाल त्याच दिवशी लागतो, तिचा अर्थ मात्र पुढे उलगडत जातो.

रेटिंगचा खेळ कुठे अडतो?

काही धावा झाल्या की हँडिकॅपर घोड्याला रेटिंग देतो. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, साधारण घोड्यावर कमी, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. कमी अंतराच्या शर्यतीत साधारण एक ते दीड किलो वजन एका लेंग्थच्या बरोबरीचे धरले जाते. त्यामुळे सुरुवातीचे रेटिंग थोडे जरी चुकले, तरी त्या घोड्याच्या पुढच्या अनेक शर्यतींवर परिणाम होतो. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे तीन धावांनंतर रेटिंग देण्याची पद्धत आहे, ती याच कारणाने.

पण इथेच एक मोह दडलेला आहे. सुरुवातीच्या धावांत घोडा साधारण दिसला तर रेटिंग कमी मिळते, वजन कमी पडते आणि पुढे योग्य दिवशी तोच घोडा मोठ्या भावाने जिंकू शकतो. प्रत्येक घोडा त्याच्या पूर्ण कुवतीनुसार धावला पाहिजे, हा जगभरच्या रेसिंग क्लबांचा मूलभूत नियम आहे. मात्र नवख्या घोड्याच्या बाबतीत ‘शिकवण्यासाठी सावकाश धावू दिला’ आणि ‘मुद्दाम मागे ठेवला’ यांतली रेषा फार पुसट आहे. पहिल्याच दिवशी घोड्याला पिळून काढू नये, हे ट्रेनरचे म्हणणे घोड्याच्या दृष्टीने योग्यच असते. आणि त्याच घोड्यावर पैसे लावणाऱ्याला आपली फसवणूक झाली असे वाटणेही चूक नसते. दोन्ही बाजू खऱ्या असल्यानेच हा प्रश्न सोपा नाही.

घोड्याच्या हाडांचे काय?

भरधाव घोड्याच्या एका पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. साडेचारशे किलोचा घोडा धरला तर तो हजार किलोच्या पुढे जातो. दोन वर्षांच्या घोड्याच्या गुडघ्याजवळची वाढीची जागा नुकतीच भरत असते. सरावाच्या पहिल्या महिन्यांत नडगीचे हाड दुखावणे, ज्याला तबेल्यात ‘शिन सोअर’ म्हणतात, ही नवख्या घोड्यांची अगदी नेहमीची तक्रार आहे.

मग लहान वयात धावायलाच लावू नये का? इथे पुरावा दोन्हीकडे बोलतो. हाड भारानुसार घडते. नुसत्या सावकाश लांब धावांनी ते वेगासाठी तयार होत नाही, अधूनमधून थोड्या अंतराचा वेगही द्यावा लागतो. दोन वर्षांच्या वयात शर्यत धावलेल्या घोड्यांची कारकीर्द नंतर धावू लागलेल्यांपेक्षा आखूड नसते, उलट अनेकदा लांब असते, असे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. मात्र यात एक मेख आहे. मुळात निरोगी आणि दणकट घोडेच लवकर धावायला उतरवले जातात. त्यामुळे लवकर धावल्याने ते टिकले, की टिकणारे होते म्हणून लवकर धावले, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

शहाणपणाचा अर्थ एवढाच की वय नव्हे, तयारी पाहावी. आणि तयार नसलेला घोडा परत तबेल्यात नेण्यात कमीपणा मानू नये. मालकाने गुंतवलेले पैसे, महिन्याचा सांभाळखर्च आणि मोसमाचे वेळापत्रक हे सगळे दबाव घोड्याला कळत नाहीत, पण ते येतात त्याच्याच नडगीवर.

न्यायालयाचे ‘कौशल्य’ इथे लागू पडते का?

तमिळनाडू सरकारने १९७४ मध्ये कायदा करून घोडेशर्यतींवरील दाव बंद करण्याचा प्रयत्न केला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डॉ. के. आर. लक्ष्मणन खटल्यात न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला की शर्यतीचा निकाल प्रामुख्याने कौशल्यावर अवलंबून असतो: घोड्याची पैदास, त्याचे प्रशिक्षण, जॉकीची तयारी आणि या सगळ्याचा अभ्यास करणाऱ्याची पारख. लॉटरीच्या तिकिटात अशा अभ्यासाला वावच नसतो, म्हणून दोन्ही एका तराजूत तोलता येत नाहीत.

हा तर्क अनुभवी घोड्यांच्या शर्यतीला पुरेपूर लागू होतो. वीस वेळा धावलेल्या घोड्याचा अभ्यास करता येतो. नवख्या घोड्यांच्या शर्यतीतही कौशल्य आहे, हे वर आलेच. वंशावळ, ट्रॅकवर्क, पॅडॉक, गेटवरचे वागणे हे सगळे वाचता येते. पण वाचायला पान समोर असले तर. ज्याच्याकडे ते पान नाही त्याच्यासाठी तीच शर्यत लॉटरी ठरते. तबेल्याच्या आत ज्याला ‘पारख’ म्हणतात, तिलाच स्टँडमध्ये बसलेला सामान्य माणूस ‘नशीब’ म्हणतो. म्हणजे कौशल्याचा खेळ आहे की नाही, हे माहिती किती लोकांपर्यंत पोहोचते यावर ठरते.

करवाढीने हा मुद्दा आणखी टोकदार केला आहे. जीएसटी क्लबच्या कमिशनवर नव्हे, दावाच्या पूर्ण रकमेवर मोजला जातो. इतका कर भरून, जवळजवळ कोऱ्या कार्डावर, पैसे लावणाऱ्याच्या बाजूने गणित कधी झुकत नाही. कर टाळण्यासाठी बेकायदा बुकीकडे जाणाऱ्याला तर ना हिशेब मिळतो, ना संरक्षण.

मग करायला काय हवे?

याचे उत्तर फार दूर शोधायला नको. हाँगकाँगमध्ये नव्या घोड्याला शर्यतीत उतरण्याआधी गेटमधून चाचणी धाव द्यावी लागते. तिथल्या जॉकी क्लबच्या संकेतस्थळावर चाचण्यांचे निकाल, सकाळच्या सरावाच्या नोंदी, प्रत्येक घोड्याची टप्प्याटप्प्याची वेळ आणि पशुवैद्यकीय नोंदीही कोणालाही फुकट पाहता येतात. माहिती उघडी केल्याने तिथली शर्यत बुडाली नाही, उलट तिच्यावरचा विश्वास वाढला.

भारतातल्या क्लबांनी निदान नवख्या घोड्यांच्या बाबतीत हाच मार्ग धरायला हवा. मॉक रेसचे निकाल आणि चित्रफिती एकाच ठिकाणी, एकाच नमुन्यात मिळाव्यात. प्रत्येक घोड्याची शेवटच्या सहाशे, चारशे आणि दोनशे मीटरची वेळ छापली जावी. पहिल्या आणि दुसऱ्या धावेत घोड्याच्या कामगिरीत मोठी तफावत आढळली, तर स्ट्युअर्ड्सनी ट्रेनरला विचारलेला प्रश्न आणि त्याने दिलेले उत्तर, दोन्ही जाहीर व्हावे. शक्य तिथे फक्त पहिल्यांदा धावणाऱ्यांच्या वेगळ्या शर्यती ठेवाव्यात. आणि पहिल्या धावेत चाबूक चालवायला मनाई असावी. नॉर्वेत घोड्याला पळवण्यासाठी चाबूक मारण्यावर १९८० च्या दशकापासून बंदी आहे आणि तिथले घोडे काही पळायचे थांबलेले नाहीत. शिकायला आलेल्याला पहिल्याच दिवशी मार बसला, तर तो शर्यत शिकत नाही, भीती शिकतो.

यावर क्लबांकडून खर्चाचे कारण पुढे येऊ शकते आणि ट्रेनरांकडून व्यवसायाच्या गुपिताचे. खर्चाचे कारण तपासून पाहता येईल. गुपिताचे मात्र टिकत नाही. ज्या व्यवसायाचे कायदेशीर अस्तित्वच ‘अभ्यास करून ओळखता येते’ या एका वाक्यावर उभे आहे, त्याने अभ्यासाचे साहित्य कपाटात कुलूपबंद ठेवणे म्हणजे बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवणे.

आणि प्रेक्षकाने काय करावे? नवख्या घोड्यांची शर्यत पाहावी, जरूर पाहावी, पैसे मात्र खिशातच ठेवावेत. गेटवर कोण दचकला, वळणावर कोण बावरला, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये कोणाचे कान पुढे झाले आणि रेषेनंतर कोण थांबायला तयार नव्हता, हे टिपून ठेवावे. मे महिन्यात जन्मलेला, तीन लेंग्थ मागे निघून पाचवा आलेला एखादा घोडा त्या दिवशी कोणाच्याही लक्षात नसतो. दोन महिन्यांनी त्याचे नाव पुन्हा कार्डावर येते, तेव्हा ज्याने ते टिपलेले असते, त्याच्याच पारखेला कौशल्य म्हणता येते.